चित्रातल्या बाईचं कुंकू

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे माझ्या घरी सगळ्यांना माहीत आहे. नवरा तर म्हणतो की माझ्या रागाला ग्रीन कार्ड मिळालंय. पण गेल्या संक्रांतीला आलेला राग अजून तसाच आहे, आणि तो जावा म्हणून मी काही प्रयत्नही करत नाही. त्याची गोष्ट जुन्या पंख्यांपासून सुरू होते, म्हणून आधी पंख्यांबद्दल सांगते.

न्यू जर्सीतल्या आमच्या पार्सिपनीहून गाडीनं थोडं पुढे गेलं की एका गावात कुणा गिरणीमालकाचं जुनं घर आहे. आता तिथे छोटंसं म्युझियम आहे. मुलं कॉलेजला गेली, घर सुनं झालं, आणि आठवडाभर ऑफिसात स्क्रीन बघून डोळे आंबायला लागले, तेव्हा मी शनिवारी तिथे व्हॉलंटियर म्हणून जायला लागले. काम काही मोठं नव्हतं. आलेल्या माणसांना जिना दाखवायचा, काचेला हात लावू नका म्हणून सांगायचं, आणि वरच्या मजल्यावरच्या पंख्यांच्या खोलीत बसायचं.

हे पंखे म्हणजे घडीचे, हातात धरायचे. युरोपातल्या श्रीमंत बायकांचे, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे. खाली हस्तिदंताच्या नाहीतर शिंपल्याच्या कोरीव काड्या, आणि वर अर्धगोल रंगवलेला कागद किंवा कातडं. चित्रं मात्र सगळी चीनची. म्हणजे त्यांना वाटणाऱ्या चीनची. वाकड्या छपरांची देवळं, छत्रीखाली बसून मासे पकडणारे म्हातारे, चहाची किटली घेऊन येणारं माकड. या शैलीला शिन्वाझरी म्हणतात. त्या काळी तिकडे तिची फॅशनच होती. कपाटं, कपबशा, भिंतींचे कागद, सगळं असं ‘चिनी’. आणि चित्रं काढणारे बहुतेक जण चीनला कधी गेलेलेच नव्हते. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा त्यांनी पॅरिसात बसून चीन रंगवला होता. चिनी राजाला गुलाबी फ्रेंच गाल, राणीचं नाक थेट फ्रेंच राजवाड्यातलं. मला पहिल्या दिवसापासून या पंख्यांचा राग यायचा. बघणारे मात्र ‘हाऊ लव्हली’ म्हणून पुढे जायचे.

हा संग्रह एका अमेरिकन बाईंचा. ऐंशीच्या आसपास वय, उंच, पाठ अजून ताठ. पंखे त्यांनी म्युझियमला दाखवायला दिले होते, पण मालकी त्यांचीच होती आणि दर शनिवारी त्या स्वतः येऊन बसायच्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण त्यांचं नाव त्या बोलण्यात असं घ्यायच्या की वाटावं, ते खाली गाडी पार्क करतायत आणि आता येतीलच वर.

माझी आई तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली, बाबा गेल्यावर. नागपूरला तिनं आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. इथे हिवाळ्यात तिला घरी एकटं ठेवून जाणं माझ्या जिवावर यायचं, म्हणून एका शनिवारी तिला सोबत घेऊन गेले. वाटलं, खुर्चीत बसेल, हीटर असतोच. तिनं पहिल्या पंख्यासमोर चष्मा पुसला, नीट निरखून बघितलं आणि खुदकन हसली. "काय गं हे? समुद्राच्या मधोमध डोंगर, डोंगरावर नारळ, आणि खाली बर्फ! नकाशात कुठं दाखवू मी हे गाव?"

अमेरिकन बाईंनी विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. आईचं इंग्रजी शाळेतलं, जपून बोललेलं. बाईंचं मराठी शून्य. पण तासन् तास बोलायच्या, आणि मला मध्ये दुभाषी म्हणून उभं केलं तर दोघीही वैतागायच्या.

बाईंनी आईला पंखा उघडायला शिकवलं. सिनेमात दाखवतात तसा फटकन उघडायचा नसतो. हात साबणानं धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे. हातमोजे मुळीच नाहीत, कारण त्यांचा धागा कोरीव कामात अडकतो. मग एकेक काडी अंगठ्यानं हलकेच सरकवायची आणि जुन्या कागदाची घडी स्वतःहून उलगडेल तेवढंच उघडायचं. आई दोन-तीन शनिवारांत शिकली. मला मात्र त्यांनी एकदाही हात लावू दिला नाही. माझ्या हाताला घाई आहे म्हणे.

एकदा आई दिव्याच्या भिंगाखाली एक पंखा बघत होती. झालरीच्या छताखाली एक चिनी बाई बसलीय, हातावर पोपट, असं चित्र. आईनं मला हाक मारली. "इकडे ये. हिच्या कपाळावर बघ."

मी पाहिलं. दोन भुवयांच्या मधे लाल ठिपका.

अमेरिकन बाई म्हणाल्या, तो रंगाचा थेंब उडालाय, मी किती वर्षं तेच समजतेय. आई म्हणाली, "डाग असता तर असा मधोमध पडला नसता. कुंकू आहे ते." बाईंनीही भिंगातून पुन्हा बघितलं, खूप वेळ. मग त्यांनीच सांगितलं की त्या काळच्या चित्रकारांना हिंदुस्थान काय आणि चीन काय, सगळं एकच, पूर्वेकडचं. कुठूनतरी एखादं हिंदुस्थानी चित्र पाहिलं असेल आणि दिला असेल ठिपका.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, बघा, यांना आपण सगळे सारखेच! चिनी बाईला कुंकू लावायचं, उद्या मराठी बाईच्या हातात चॉपस्टिक्स द्यायच्या. आई म्हणाली, "लावलं तर लावलं. गोड दिसतेय ना?" मग पुढच्या प्रत्येक शनिवारी ती आधी त्याच पंख्याकडे जायची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाबा गेल्यावर आईचं कुंकू कुणी पुसलं वगैरे नव्हतं. आमच्याकडे तसलं कुणी करणारं नव्हतंच. तिनं आपण होऊन लावणं सोडलं. मी कितीदा म्हटलं, टिकली तरी लाव. ती म्हणायची, "राहू दे." तिच्या ‘राहू दे’चा अर्थ मी ‘नको’ असा घेतला होता.

आता माझी चूक म्हणा किंवा बावळटपणा म्हणा, पण त्या पंख्याची गंमत मी आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंना सांगितली. इंडियन ग्रोसरीच्या रांगेत भेटल्या होत्या, हातात तिळाची पाकिटं. त्या जागच्या जागी उडाल्याच. "ओह माय गॉड! चायनीज लेडी आणि कुंकू? अगं आपल्या हळदीकुंकवाला ही परफेक्ट थीम आहे यार! त्या मॅडमना इन्व्हाइट कर, पंखा घेऊन. छोटंसं प्रेझेंटेशन ठेवू."

अमेरिकन बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, येईन, पण कुंकू मी शोधलं नाही, तुझ्या आईनं शोधलं. तिनं बोलावं. मी शेजारी बसेन.

मी अध्यक्षबाईंना फोन करून हे सांगितलं, आणि मुद्दाम स्पष्ट विचारलं, आई आली तर चालेल ना? त्या मला जवळजवळ रागावल्याच. "काहीतरीच काय विचारतेस? आपण कुठल्या जमान्यात आहोत? आम्ही असलं काही मानत नाही. फ्लायरवर बघ, ‘सर्व महिलांचं स्वागत’ लिहिलंय. काकूंना आणच." मला इतकं बरं वाटलं की मी फोनवर त्यांचे आभार मानले. ते आठवलं की आजही दात-ओठ खाते.

आईची तयारी सुरू झाली. ती शाळेतून रिटायर झाल्यापासून इतक्या लोकांसमोर बोलली नव्हती. टपालात आलेल्या पिझ्झाच्या जाहिरातीला तिनं घड्या घालून पंखा केला आणि स्वयंपाकघरात उभं राहून तो उघडत-मिटत भाषण म्हणून पाहायची. मला ऐकवायची, नवऱ्याला ऐकवायची, कॉलेजातून फोन करणाऱ्या मुलाला ऐकवायची. मुलगा म्हणायचा, "आजी, यू आर किलिंग इट!" सूटकेसच्या तळाशी ठेवलेली जांभळी इरकल तिनं काढली, दोनदा इस्त्री केली. बाबा गेल्यापासून ती काठाच्या साडीत कुठे गेली नव्हती. मी मनातल्या मनात तिची दृष्ट काढली.

कार्यक्रम रूट ४६ वरच्या एका हॉलमध्ये होता. मागे काजूकतली आणि ढोकळ्याचे ट्रे, पुढे चाळीस-पन्नास बायका, सगळ्या काळ्या साड्यांत. अध्यक्षबाईंच्या सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. त्यांचा आयपॅड स्टँडवर असा लावला होता की त्यांना सगळं दिसावं. वाण म्हणून काय आणलं होतं माहितीये? ऑनलाइन मागवलेले कागदी घडीचे पंखे, वर पॅगोडा छापलेला. युरोपियनांनी चीनची नक्कल केली, चिन्यांनी आता त्या नकलेची नक्कल करून आम्हाला विकली, आणि आम्ही ती संक्रांतीचं वाण म्हणून वाटत होतो. मला हसू आलं. त्या संध्याकाळचं ते शेवटचंच हसू.

आधी अमेरिकन बाईंची ओळख झाली. त्या चार वाक्यं बोलल्या. पहिला पंखा लग्नानंतरच्या प्रवासात नवऱ्यानं घेऊन दिला, तिथून हा नाद लागला. तो गेला, पण प्रत्येक पंखा उघडताना त्याची आठवण होते. सगळ्या बायकांच्या तोंडून ‘ऑ’ निघालं. दोघी-तिघींनी डोळेही टिपले. म्हणजे बाई विधवा आहेत, हे हॉलमधल्या प्रत्येकीला कळलं होतं. हे लक्षात ठेवा.

लगेच अध्यक्षबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या. पहिला मान पाहुणीचा. बाईंना समजावून सांगितलं, त्यांनी कौतुकानं कपाळ पुढे केलं, आणि अध्यक्षबाईंनी बोटभर हळद आणि ठसठशीत कुंकू लावलं. टाळ्या! पन्नास फोन वर गेले. "सो क्यूट!" "मॅडम, इकडे बघा!" त्यांची ओटी भरली, पॅगोडाचा पंखा दिला, डोक्यात गजरा माळला. पुण्याच्या सासूबाईंनी आयपॅडमधून "वा वा" केलं.

शेजारच्या खुर्चीत आई होती, मांडीवर पंख्याची पेटी घेऊन. तिच्या पलीकडे मी. ताट आईसमोर आलं. अध्यक्षबाईंनी ते डाव्या हातावर सरकवलं, उजव्या हातानं वाटीतली तिळाची वडी उचलली आणि आईच्या हातावर ठेवली. "तिळगूळ घ्या काकू, गोड बोला." आणि ताट माझ्यासमोर.

मी कपाळ मागे घेतलं. म्हटलं, "आईला लावायचं राहिलं."

"अगं, काकूंना नाही ना चालत," त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि वर माझ्याकडे बघून समजूतदार हसल्या.

मी उठले आणि त्यांना ढोकळ्याच्या टेबलापाशी घेऊन गेले. घेऊन गेले म्हणजे कोपर धरून ओढत नेलं. विचारलं, हिला नाही चालत, मग तिला कसं चाललं? तिचाही नवरा गेलाय, आत्ता तिनं स्वतः सांगितलं, तुम्ही ‘ऑ’ केलंत!

"अगं, पण त्यांच्यात नसतं ना तसं. त्यांना काय कळतंय त्यातलं? दॅट्स जस्ट फॉर फन."

"म्हणजे जिला कळतं तिला शिक्षा?"

"तू ना, फार ड्रामा करतेस. मी पर्सनली मानत नाही गं. पण सासूबाई लाइव्ह बघतायत. शिवाय दोघी-तिघींच्या मुलींची लग्नं ठरलीयत, त्यांना आवडलं नसतं. आणि खरं सांगू, मला वाटलं काकूंनाच ऑकवर्ड होईल."

हे शेवटचं वाक्य म्हणजे कळस. दुसऱ्याच्या तोंडावर दार लावायचं आणि वर म्हणायचं, तुला वारा लागू नये म्हणून लावलं. स्वतः मानत नाही म्हणणाऱ्यांची तर मला जास्तच चीड येते. मानणारी माणसं निदान समोर येऊन भांडतात. ही नुसती मानणाऱ्यांच्या वतीनं ताट पुढे सरकवतात, आणि हात स्वच्छ. दुसऱ्या देशात येऊन घरं घेतली, पोरींना रोबोटिक्सच्या स्पर्धेला पाठवलं, मार्टिन ल्यूथर किंग डेला फेसबुकवर समतेच्या पोस्टी टाकल्या, आणि हळदीकुंकवाचं ताट आलं की सगळी विद्या पालथ्या घड्यावर पाणी! मी हे सगळं बोलले. आवाज किती चढला होता ते मला कळलं नाही. ट्रेमधला ढोकळा वाढणारी बाई चिमटा हातात धरून तशीच उभी होती.

आई उठून आली. मला वाटलं, रडत असेल. मी म्हटलं, "चल, कोट घाल. आपण निघू."

"निघू कशाला? मी बोलायला आलेय," ती म्हणाली. "तुझं भांडण नंतर कर. हात धुवायची सोय कुठं आहे?"

तिनं हात धुतले, पेपर टॉवेलनं बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या केल्या, आणि पुढे जाऊन उभी राहिली. अमेरिकन बाई शेजारी बसल्या. काय घडलं ते त्यांना अर्धवट कळलं असावं. त्यांनी मला खुणेनं विचारलं, मी नंतर सांगते अशी खूण केली. खरं तर मला लाज वाटली, की हे माझ्या माणसांचं आहे.

आईनं पेटीतून पंखा काढला आणि बोलायला लागली. दुसऱ्याच वाक्याला शाळेतला आवाज लागला. समुद्रातला डोंगर, डोंगरावरचा नारळ आणि खालचा बर्फ तिनं असा रंगवला की बायका पोट धरून हसल्या. एकेक काडी सरकवत ती बोलत होती. छत आलं, झालर आली, पोपट आला. शेवटी बाईचा चेहरा आला, आणि आईनं पुढच्या रांगेतल्या एकीला भिंग देऊन जवळ बोलावलं. "कपाळ बघ."

"अय्या, खरंच कुंकू!"

झालं. सगळ्या जणी उठल्या. एकीच्या हातातून दुसरीच्या हातात भिंग. "किती गोड!" "बघ ना, चायनीज असून!" अध्यक्षबाई मागून ओरडल्या, "नीट फोटो काढा हं, पेजवर टाकायचेत!"

आई पंखा धरून उभी होती. सगळ्यांचं बघून होईपर्यंत थांबली. मग वर्गात धडा संपल्यावर विचारावा तसा तिनं प्रश्न विचारला.

"हिचा नवरा आहे की गेला?"

कुणाला कळलं नाही. एकीनं विचारलं, "कुणाचा, काकू?"

"या चित्रातल्या बाईचा. एवढं कौतुक केलंत तिच्या कुंकवाचं, आधी चौकशी केली असेल ना? नवरा जिवंत आहे का, ते विचारून घेतलं असेल. कुणी विचारलंत?"

ज्यांनी मघाचं ताट पाहिलं होतं त्यांनी माना खाली घातल्या. ज्यांनी पाहिलं नव्हतं त्या शेजारणीला विचारायला लागल्या आणि मग त्यांनीही खाली घातल्या. कुणीतरी आयपॅडवरचा कॉल बंद केला. आई उत्तराची वाट बघत होती. खरोखरच वाट बघत होती. वर्गात उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही ही तिची जुनी सवय होती.

मागून अध्यक्षबाई ताट घेऊन लगबगीनं आल्या. चेहरा लाल झाला होता. "काकू, अहो असं काय करता, मी लावते ना! त्यात काय एवढं? या, या." त्यांनी करंड्यात बोट बुडवलं आणि आईच्या कपाळाकडे हात नेला. आजूबाजूच्या दोघी-चौघी "हो हो, लावा लावा" म्हणायला लागल्या. एकीनं तर फोनसुद्धा वर केला. माझ्याही मनात आलं की घे आई, आता घे, जिंकलीस तू.

आईनं पंखा मिटायला सुरुवात केली. पोपट गेला, झालर गेली, एकेक काडी दुसरीवर येत गेली. घाई केली नाही. पूर्ण मिटून झाल्यावर तो बाईंच्या हातात दिला आणि अध्यक्षबाईंचं मनगट धरून हलकेच खाली केलं. आवाज चढवला नाही.

"आता नको गं," ती म्हणाली. "मघाशी तू ताट घेऊन समोर आलीस, तेव्हा मी मान पुढे केली होती. तू पाहिलंस."